पाठांतर

साइला युलि-हुक्कालाने उजवा डोळा झाकून
तक्ता घडाघडा वाचला.
शेवटची ओळसुद्धा. कुठे अडखळली नाही,
आणि तिथेच मला खटकलं.
धडधाकट डोळ्याचं माणूसही खालच्या ओळीशी थबकतं,
मान पुढे काढतं,
“हे एफ की पी?” म्हणतं.

अकरा वर्षं शाळेची बस चालवते ती
कौहायोकीच्या बटाट्याच्या शेतांमधून.
परवान्यासाठी याच खुर्चीत बसत आलीय.
तक्ता तोच, भिंत तीच.
आमच्या आरोग्यकेंद्राकडे नव्या तक्त्याला पैसे नाहीत
हे तिला ठाऊक, मलाही.

मी दिवा मालवला.
बाहेर नोव्हेंबर, साडेतीनलाच काळी पडलेली खिडकी.
“लांब बघ,” म्हटलं, आणि खिशातली बॅटरी
उजव्या डोळ्यावर धरली.
दोन्ही बाहुल्या आक्रसल्या,
एकीला हाक मारली की दोघी येतात
तशा जुळ्या बहिणी.
मनात मोजलं, एक, दोन.
बॅटरी डावीकडे नेली.
तोच उजेड, तेवढंच अंतर,
आणि बाहुल्या हळूच उघडत गेल्या,
कुणी दिवा उचलून नेल्यासारख्या.

उजवीकडे मिटल्या.
डावीकडे सैल.
खात्री पटली होती, तरी पुन्हा एकदा.

अशा वेळी डोळा मात्र निर्मळ असतो.
आत वाकून पाहिलं तरी काही सापडत नाही.
दुखणं त्याच्या पाठीमागे, नसेत,
जिथून उजेडाची खबर आत जाते.
वाट सुजलेली. खबर पोचते, पण अर्धीमुर्धी,
आणि बाहुलीला वाटतं, दिवस मावळला.

तोंडाला शिकवता येतं सगळं.
बाहुलीला पाठांतर येत नाही.

“कधीपासून?”
“काय कधीपासून?”
मी औषधाच्या बाटलीचं लाल झाकण पुढे धरलं.
उजव्याने बघून म्हणाली, लाल.
डाव्याने बराच वेळ काहीच नाही.
मग, “धुऊन धुऊन विटलेलं.
आमच्या बसच्या मागच्या सीटसारखं.”

मग एकेक निघालं.
डोळा फिरवला की मागून उठणारी कळ.
शनिवारी सौनात तापल्या दगडांवर पाणी ओतलं
तेव्हा समोर बसलेल्या लेकीचा चेहरा
डाव्या बाजूने पुसट होत गेला,
बाहेर थंडीत उभं राहिल्यावर परत आला.
“वाटलं, वाफच असेल.”
वाफेवर कोण संशय घेतं आमच्याकडे?

मी रागावले नाही. रागवायला हवं होतं का?
बावीस मुलं, रेल्वेचं फाटक,
सायकलवरून डुगडुगत जाणारे म्हातारे.
मी फॉर्मवर पेन टेकवलं आणि थांबले.

“मला दाखव,” ती म्हणाली.
हातआरसा दिला. बॅटरी पुन्हा डावीकडे नेली.
चांगल्या डोळ्याने ती बघत राहिली
स्वतःच्या बाहुलीला, भर उजेडात
अंधार असल्यागत मोठी होताना.
“लबाड,” म्हणाली.
कुणाला, ते मी विचारलं नाही.
कोटाच्या खिशातून बसच्या किल्ल्या काढून
तिने टेबलावर ठेवल्या,
लाल झाकणाशेजारी.

मे महिन्यात परत आली.
सेइनायोकीला तीन दिवस सलाइनमधून औषध घेतलं होतं,
पुढे काय, ते तिथलेही सांगू शकले नव्हते.
तक्ता नवा होता. पैसे माझे, पण ते असो.
डाव्या डोळ्याने उतरत उतरत ती खालच्या ओळीशी आली,
मान पुढे काढली.
“हे एफ की पी?”

मला हसू आवरेना.

तरी दिवा मालवला, बॅटरी काढली.
उजवीकडे, डावीकडे.
डावीकडे नेली की अजूनही थोडी सैल होते,
केसाएवढी.
“काय म्हणते?” साइलाने विचारलं.
म्हटलं, नजर आलीय परत.
तिला अजून पटलेलं नाही.